आधी स्वतःला टोचलं, मग लोकांना. पण एका बाटलीनं हाफकिन यांचं नाव घालवलं

२०२१ साली कोरोनाची लस गावोगाव पोहोचली तेव्हा काय काय झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही. टोचायला टीम आली की कुणी शेतात निघून जायचं, कुणी दाराला कडी लावायचं. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, मूल होत नाही, असले मेसेज मोबाइलवर फिरत होते. हे सगळं नवीन वाटत होतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुंबईत, याच महाराष्ट्रात प्लेगच्या सुईबद्दल अगदी हेच बोललं जात होतं. फरक इतकाच, की तेव्हा मोबाइल नव्हता, आणि सुई घेऊन आलेला माणूस ना इथला होता, ना सरकारच्या जातीचा इंग्रज.

त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत परळला आज जी हाफकिन संस्था आहे, ती याच माणसाच्या नावानं.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ते शहर तेव्हा रशियाच्या बादशहाकडे होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर जमाव चालून यायचे, घरं-दुकानं लुटायचे. १८८१ मध्ये असाच दंगा उसळला तेव्हा कॉलेजात शिकणारे हाफकिन आपल्या वस्तीचं रक्षण करणाऱ्या पोरांत सामील झाले. मार खाल्ला, अटकही झाली. त्यांचे प्राध्यापक इल्या मेच्निकोव्ह मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. पुढं शिक्षण झालं, हुशारी सगळ्यांना दिसत होती, पण प्राध्यापकाची जागा हवी तर धर्म बदला, अशी अट आली. हाफकिन यांनी जागा सोडली, धर्म नाही सोडला.

देश सोडून आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथं लुई पाश्चर यांची संस्था होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस काढणारे ते पाश्चर. शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याचे जंतू वाढवायचे. कॉलरा म्हणजे आपली पटकी. तीन वर्षांत लस तयार झाली. १८ जुलै १८९२ ला त्यांनी ती पहिल्यांदा टोचली, ती स्वतःला. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली.

पॅरिसात मोठमोठ्या लोकांनाही ही लस खरी वाटली नाही. खरी परीक्षा जिथं पटकी दरवर्षी गावंच्या गावं रिकामी करते तिथंच होणार होती. म्हणजे हिंदुस्थानात. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

इथं त्यांच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांना रशियात जन्मलेला माणूस गुप्तहेर वाटायचा. शिवाय हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते, त्यामुळं सरकारी डॉक्टर मंडळींच्या कपाळाला आठ्या. लोकांना तर हा आणखी एक गोरा साहेब, सुईतून विष नाहीतर धर्म बाटवायचं काहीतरी घालणारा. आणि लस एकदा घेऊन भागत नव्हतं, दोनदा टोचून घ्यावी लागायची. एकदा हात सुजलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला येतोय!

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टाल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकी लागली. हाफकिन तिथं बंगाली डॉक्टरांना सोबत घेऊन गेले. जमाव जमला, दगड आले, काचेचं सामान फुटलं. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सदरा वर करून आधी स्वतःलाच सुई मारून घेतली, असं सांगतात. सोबतच्या डॉक्टरांनी लोकांना त्यांच्या भाषेत समजावलं. त्या दिवसात सुमारे २०० पैकी ११६ लोकांनी टोचून घेतलं. नंतर वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली, सात गेले. ते सगळे न टोचलेल्यांतले होते. वस्तीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथून पुढं लोक आपणहून यायला लागले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसामचे चहाचे मळे पालथे घातले, ४० हजारांवर लोकांना टोचलं, आणि शेवटी मलेरियानं खंगून युरोपला परत गेले. बरे झाले आणि पुन्हा आले.

तेवढ्यात मुंबईत प्लेग लागला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. हे मूळ गोव्याचे डॉक्टर. हा साधा ताप नाही, हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांच्यावरही आधी कुणी विश्वास ठेवला नाही. धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडत होते. मग माणसं पडायला लागली. रेल्वेनं, बोटीनं, बैलगाडीनं लोक गावी पळाले, शहर जवळजवळ निम्मं रिकामं झालं. पळणाऱ्यांच्या बोचक्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि माळावर, शेतात झोपड्या टाकून राहायचं, ही आठवण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी नातवंडांना सांगितलेली आहे.

सरकारनं हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईला पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा मिळाला. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी केली हे सांगण्यासारखं आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करायचे. हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं, कारण गाईचं हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचं मुसलमानांना, हे त्यांना कळत होतं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, छताला जळमटं लोंबतात तसे. बाटली हलवली की ते तळाला बसायचे आणि पुन्हा नवे वाढायचे. शेवटी बाटली तासभर तापवून जंतू मारायचे, वर थोडं कार्बोलिक घालायचं. मेलेले जंतू म्हणजे लस. शरीराला शत्रूचं तोंड ओळखीचं होतं, पण शत्रू जिवंत नसतो.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढं लोकांना दिली त्यापेक्षा कितीतरी जास्त, १० घनसेंटिमीटर. कडक ताप भरला, अंग ठणकलं, पण काही दिवसांत ठीक झालं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना विचारण्यात आलं, आणि जे तयार झाले त्यांना टोचलं. न टोचलेल्या १७२ कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्या १४७ पैकी दोघांना झाला, मेला कुणीच नाही. कैदी खरंच किती मोकळेपणानं तयार झाले असतील हा प्रश्न आज कुणीही विचारेल. तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

आता खरी अडचण. लस एकीकडे तयार होती आणि दुसरीकडे सरकारनं लोकांचा विश्वास स्वतःच्या हातानं घालवला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कोरोनात २०२० साली जो कायदा लावला तो हाच. त्या कायद्याच्या जोरावर घरात शिरायचं, रुग्णाला उचलून न्यायचं, सामान जाळायचं, हे सगळं सुरू झालं. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसले, बायकांची तपासणी झाली. लोक इतके चिडले की २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मुंबईत तर त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मारून त्याचं तेल काढतात, अशी आवई होती. आवई खोटी होती. पण नेलेले बहुतेक परत येत नव्हते, हे मात्र खरं होतं, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. लोकांचा राग सेवेवर नव्हता, जबरदस्तीवर होता.

हाफकिन यांना ही जबरदस्ती पसंत नव्हती. ज्याला पटेल त्यानं टोचून घ्यावं, आणि पटवायचं तर आकडे दाखवून, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांच्या डोळ्यांत सोजीर, डॉक्टर आणि सुईवाला साहेब सगळे एकाच माळेचे मणी. यात मदतीला आले खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान. वय जेमतेम १९. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, आणि खुश्रू लॉज ही आपली इमारत लस करायला देऊन टाकली. मग हजारो खोजा रांगेत उभे राहिले. सरकारच्या शंभर नोटिशींनी जे झालं नव्हतं ते आपल्या माणसाच्या एका सुईनं झालं.

पोर्तुगीजांच्या दमणमध्ये न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ गेले, टोचलेल्या २,१९७ पैकी ३६. पण सगळ्यात बोलका हिशेब उंढेरा गावाचा. बडोदा संस्थानातलं हे छोटं खेडं. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथं प्लेग शिरला होता. हाफकिन यांनी घरटी माणसं समोर बसवली आणि प्रत्येक घरातल्या निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, एकच पाणी. म्हणजे कुणाला म्हणता येऊ नये की टोचलेले श्रीमंत होते किंवा त्यांची हवा चांगली होती. अशी पाचशेच्या वर माणसं टोचली. सहा-सात आठवड्यांनी परत येऊन मोजणी केली. ज्या २८ घरांत प्लेग घुसला, तिथं टोचलेले ७१ होते. त्यातले ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेले ६४ होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ गेले.

हा हिशेब जगभर गेला. पण हेही म्हणायला हवं की त्या २६ जणांना सुई मिळाली असती तर त्यातले बरेच वाचले असते. आजच्या काळात असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही.

लस काही रामबाण नव्हती. टोचल्यावर ताप यायचा, हात दोन दिवस कामाचा राहायचा नाही, आणि हातावर पोट असणाऱ्याला दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची भाकरी. संरक्षणही काही महिनेच टिकायचं. हाफकिन यांनी ते लपवलं नाही. सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननंही लस उपयोगी आहे हे मान्य केलं, मात्र त्यांच्या मोजमापात, डोस ठरवण्यात कच्चेपणा आहे असा ठपका ठेवला. तो सगळाच खोटा नव्हता. तरी हुबळी-धारवाडकडं हजारोंनी लोक टोचून घेत होते आणि मागणी वाढत होती. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात मोठी प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे मुख्य.

मग आलं मुलकोवाल.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगनं कहर केला. तिथल्या सरकारनं लाखो डोस मागितले. जुन्या पद्धतीनं एवढे डोस वेळेत होणार नव्हते, म्हणून हाफकिन यांनी लस करण्याची रीत बदलली. ती लवकर व्हायची, आणि त्यात कार्बोलिक घालायची गरज त्यांना वाटत नव्हती, तापवून जंतू मारले की पुरे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही ही पद्धत होती. पण सरकारला आधी विचारलं नव्हतं.

३० ऑक्टोबर १९०२ ला मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना पाच बाटल्यांतली लस टोचली. त्यातली एक बाटली, नंबर ५३-एन. त्या बाटलीतून १९ जणांना सुई मिळाली. आठवडाभरात त्यांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या चार बाटल्यांवाल्यांना काही झालं नाही.

ज्यांनी साहेबाच्या शब्दावर हात पुढं केला होता, तेच गेले. पंजाबात लोकांनी सुईकडं पाठ फिरवली. त्यानंतरच्या वर्षांत तिथं प्लेगनं लाखो माणसं नेली. त्यातली किती या भीतीपोटी न टोचता गेली, त्याची मोजदाद कोण करणार.

चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि दोन डॉक्टर. निकाल असा, की बाटली उघडण्याआधीच दूषित होती, म्हणजे दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा. कार्बोलिक घातलं नाही, ही हाफकिन यांची चूक. त्यांना कामावरून बाजूला केलं. ज्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस बसून ती उभी केली, तिचा दरवाजा बंद झाला. ते लंडनला गेले आणि सरकारचे उंबरे झिजवू लागले.

चौकशीची कागदपत्रं मात्र १९०६ च्या अखेरीपर्यंत बाहेर आली नाहीत. आली तेव्हा त्यात एक गोष्ट सापडली. मुलकोवालला बाटलीचं बूच काढताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियम असा, की तो विस्तवावर धरून जंतुमुक्त करायचा. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, हे खेड्यात कुणाला सांगायला नको. दुसरी गोष्ट, धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर उघडताच घाण वास मारला असता. टोचणाऱ्या डॉक्टरनं बाटली हुंगून पाहिली होती, वास नव्हता. म्हणजे घाण शिरली ती त्याच दिवशी, त्याच गावात.

हे सगळं चौकशी समितीच्या समोरच होतं. तरी ठपका ठेवला परक्या माणसावर. का, याचं उत्तर सरळ आहे. गावात सुई धरणारा सरकारी डॉक्टर इंग्रज होता, आणि सरकारला स्वतःच्या खात्यापेक्षा बाहेरून आलेला एक ज्यू दोषी ठरवणं सोपं गेलं. फ्रान्समध्ये त्याच काळात ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण गाजत होतं. हाफकिन यांच्या प्रकरणाला लोक धाकटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले.

त्यांच्या बाजूनं उभे राहिले रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळं होतो हे सिद्ध करणारे, नोबेल मिळालेले. रॉस वर्तमानपत्रांतून लिहीत राहिले. २९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं, की पुराव्यावरून हाफकिन दोषी ठरत नाहीत. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. शेवटी नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारनं त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली. माफी वगैरे काही नाही.

ते परत आले. पण परळची जागा आता दुसऱ्याकडं होती. त्यांना कलकत्त्याला बसवलं आणि माणसांवर नव्या लशीचे प्रयोग करायला मनाई केली. कागदावरचं काम करा, बस्स. कॉलऱ्याची आणखी सुधारलेली लस त्यांच्या डोक्यात होती, ती तपासून बघायची परवानगी मिळाली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते हिंदुस्थान सोडून गेले. लग्न केलेलं नव्हतं. पुढची वर्षं युरोपात, आपल्या धर्माच्या अभ्यासात गेली. साठवलेला पैसा ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवला.

परळची प्रयोगशाळा मात्र थांबली नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते फ्रान्समध्ये होते. २६ ऑक्टोबर १९३० ला लोझान शहरात त्यांचं निधन झालं. भारत सरकारनं १९६४ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुलकोवाल फाळणीनंतर पाकिस्तानात गेलं.